दाता गाडीची निवड : ब्रेक आणि ड्राइव्ह शाफ्ट

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी मोटार बांधण्याचा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजलेला आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही हलकी, दोन आसनी गाडी आणली. सुट्या भागांच्या संचावर खरेदी कर लागत नसल्याने अनेकांनी ती घरीच जोडली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांच्या पुस्तकाने या छंदाला नवे बळ दिले. अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधता येते, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. नळ्यांचा सांगाडा स्वतः तयार करायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, ड्राइव्ह शाफ्ट एखाद्या जुन्या गाडीतून घ्यायचे, ही त्यामागची युक्ती. अशा जुन्या गाडीला ‘डोनर कार’ म्हणजे दाता गाडी म्हणतात.

इंजिन कमजोर निघाले तर गाडी हळू धावेल, एवढेच. ब्रेक किंवा ड्राइव्ह शाफ्टची निवड चुकली तर मात्र ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे ब्रेक, हब, ड्राइव्ह शाफ्ट आणि डिफरन्शियल हे चारही भाग शक्यतो एकाच गाडीतून, संच म्हणूनच घ्यावेत.

चॅम्पियन यांच्या गाडीसाठी फोर्ड एस्कॉर्ट ही दाता होती. तिचा मागचा आस अखंड असल्याने वेगळ्या ड्राइव्ह शाफ्टचा प्रश्नच येत नाही. १९८२ मध्ये आलेल्या फोर्ड सिएराचे मागचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिचे डिफरन्शियल गाडीच्या अंगाला पक्के बसते आणि दोन्ही टोकांना सांधे असलेले शाफ्ट चाकांना शक्ती पोहोचवतात. यात दोन प्रकार आढळतात. एकात आतला सांधा डिफरन्शियलच्या आत सरकवून बसवतात, तर दुसऱ्यात तो बोल्टने आवळतात. एका प्रकारचा शाफ्ट दुसऱ्या प्रकारच्या डिफरन्शियलला बसत नाही. भंगारातून वेगवेगळे भाग गोळा करणारे नेमके येथेच फसतात.

१९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ हीसुद्धा लोकप्रिय दाता आहे. तिच्या पहिल्या पिढीतील १.६ लिटर गाडीच्या पुढच्या डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटर, तर १.८ लिटर गाडीचा २५५ मिलिमीटर आहे. १.८ चे डिफरन्शियलही अधिक दणकट आहे. चाकाचे चार बोल्ट माझदात १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, तर सिएरात १०८ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. त्यामुळे पुढचे हब एका गाडीचे आणि मागचे दुसऱ्या गाडीचे घेतले, तर एकच सुटे चाक दोन्हीकडे चालणार नाही.

मोठी डिस्क म्हणजे चांगला ब्रेक, हा समज येथे सोडून द्यावा. घरी बांधलेली अशी गाडी साधारण ५५० ते ६५० किलो भरते. सिएराचे वजन एक टनाहून अधिक. समान वेगात ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात घटते, म्हणून मूळ ब्रेकच पुरून उरतात. खरा प्रश्न पुढच्या व मागच्या ब्रेकच्या समतोलाचा असतो. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. मागे मोठी डिस्क बसवण्याचा मोह म्हणूनच धोकादायक ठरतो. घरी बांधलेल्या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये २००९ पासून लागू झालेल्या ‘आयव्हीए’ तपासणीतही हा समतोल पाहिला जातो.

हलक्या गाडीत बहुधा ब्रेकचा सर्वो काढून टाकतात. मग पेडल जड लागते. त्यावर उपाय म्हणजे लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर. २२ ऐवजी १९ मिलिमीटरचा सिलिंडर बसवला, तर तेवढ्याच जोरात सुमारे एक-तृतीयांश अधिक दाब मिळतो. मात्र पेडलचा प्रवास त्याच प्रमाणात वाढतो.

ड्राइव्ह शाफ्टच्या लांबीबाबत तडजोड नको. सस्पेन्शन वर-खाली होताना आतला सांधा आत-बाहेर सरकतो. शाफ्ट लांब असेल तर तो डिफरन्शियलवर दाबला जातो. आखूड असेल तर सांध्यातून निसटू शकतो. त्यामुळे चाक सर्वांत वर, मध्ये आणि सर्वांत खाली असताना मोजमाप करावे. शाफ्ट कापून पुन्हा वेल्डिंग करणे हे साहस समजावे. लांबी बदलणे अटळच असेल तर जाणकार कारखान्याकडून नवा शाफ्ट करून घ्यावा. त्याहून बरे म्हणजे दाता गाडीचा शाफ्ट जसाच्या तसा बसेल, असाच सांगाडा निवडावा.

जुने भाग घेताना रबरी बूट फाटलेले नाहीत ना, सांध्यात ढिलेपणा नाही ना, हे हाताने पाहावे. डिस्कवर कोरलेली किमान जाडी मापून ताडून घ्यावी. कॅलिपरचा पिस्टन गंजला असेल तर तो बदलावा. मागच्या कॅलिपरला हँडब्रेकची यांत्रिक सोय आहे का, तेही तपासावे. ब्रेकचे होज, पॅड, तेल आणि हबचे नट मात्र नवेच घ्यावेत. काटकसरीला या गाडीत इतरत्र भरपूर वाव आहे.