सारख्या प्रतींचा शोध

संगणकावर एकाच मजकुराच्या चार-पाच प्रती साचतात आणि मग त्या हुडकून काढून टाकणाऱ्या आज्ञावलीची गरज पडते. काम कारकुनी वाटते. पण दोन प्रती 'एकच' आहेत असे यंत्र कशावरून ठरवते, याचा इतिहास आम्हां भाषेच्या अध्यापकांना परका वाटत नाही.

हजार फाइलींच्या जोड्या होतात ४,९९,५००. प्रत्येक जोडी अक्षरशः ताडून पाहणे यंत्रालाही परवडत नाही. म्हणून आधी केवळ आकारमान पाहतात आणि ते जुळले तरच मजकुराचा एक आखूड ठसा काढतात. या ठशामागची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या १९५३ च्या एका अंतर्गत टिपणात सापडते. नोंदींवर आकडेमोड करून त्यांना कप्पे नेमून द्यावेत, म्हणजे त्या चटकन सापडतील, असे त्यांनी सुचवले होते. पुढे रूढ झालेले 'हॅश' हे नाव मात्र स्वयंपाकघरातले, बारीक चिरून कालवलेल्या पदार्थाचे. आणि ते चपखल आहे, कारण ठशावरून मूळ मजकूर परत जुळवता येत नाही. १९९२ मध्ये रॉनल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही रीत प्रसिद्ध झाली. मजकूर केवढाही असो, ठसा १२८ बिटांचाच. आणि एक स्वल्पविराम हलला तरी तो पार बदलतो.

अर्थात, ठसे मोजके आणि मजकूर अगणित, तेव्हा कुठेतरी दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच निघणार, हे उघड होते. २००४ मध्ये वांग शाओयुन व सहकाऱ्यांनी एमडी५बाबत तशी उदाहरणे दाखवूनच दिली. म्हणून सावध आज्ञावली पुसण्यापूर्वी दोन्ही फाइली अखेर बाइटला बाइट लावून पाहते.

मराठीपुरती अडचण याच्या उलट आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि वर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला ६ बाइट लागतात, दुसऱ्याला ९. यंत्राच्या लेखी या दोन फाइली पहिल्याच पायरीवर, आकारमानावरच, वेगळ्या ठरतात.

पोथ्यांचे अभ्यासकही नकला बाजूला काढतात, पण त्यांची कसोटी निराळी असते. एक पोथी दुसऱ्या उपलब्ध पोथीवरूनच उतरवलेली आहे असे सिद्ध झाले, तर तिला स्वतंत्र साक्षीचे मोल उरत नाही. आणि ते सिद्ध होते मुख्यतः लेखनिकांच्या समान चुकांवरून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखिते तपासली. १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकलेले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. तिथे संहितेबाहेर ठेवलेले श्लोकही फेकले गेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले गेले.

आम्हांला अधिक काळजी वाटते ती तंतोतंत सारख्या प्रतींची. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी, कुठे, कधी उतरवली. फाइलीची पुष्पिका मजकुराच्या बाहेर, तिच्या नावात, फोल्डरात आणि तारखेत असते. ठसा घेताना ती विचारातच येत नाही. एखाद्या कवीने तीच कविता 'नापसंत' आणि 'संग्रहासाठी' अशा दोन फोल्डरांत ठेवली असेल, तर आज्ञावलीला ती निव्वळ पुनरुक्ती दिसेल. आता लेखकांमागे वह्यांऐवजी हार्ड डिस्क उरू लागल्या आहेत. त्या आवरणाऱ्या वारसांनी पुसण्याआधी सापडलेल्या प्रतींची यादी, मार्ग आणि तारखांसह, निदान एका साध्या फाइलीत उतरवून ठेवावी. काही आज्ञावली पुसण्याऐवजी दोन्ही नावे एकाच मजकुराला जोडून देतात. त्यात जागा वाचते आणि दोन्ही फोल्डर शाबूत राहतात. तारीख मात्र एकच उरते.