आयर्लंडच्या शाळकरी पोरांच्या वह्या



गाय अडली आहे आणि गुरांचा डॉक्टर दहा कोस लांब, ही अडचण काही आपल्याच मुलखातली नाही. युरोपच्या पश्चिमेला आयर्लंड बेट आहे. पाऊस फार, गवत भरपूर, त्यामुळे सारी भिस्त गाईगुरांवर. तिथले शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या घरगुती उपायांवर भागवत आले.

हे उपाय आज कळतात ते पोरांमुळे. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना सांगितलं, की घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत उतरवून आणा. त्या वह्या डब्लिनला जपून ठेवल्यात.

त्यांत काय काय आहे बघा. वासराच्या पोटात कळ आली, की दोरीला खास गाठ मारून ती पाठीवर धरायची नि टोकं ओढायची. गाठ सरकन सुटली तर वासरू वाचणार! गाय एकाएकी पडली तर तिला परीलोकांचा बाण लागला म्हणत. शेतात सापडलेली गारेची बाणटोकं पाण्यात टाकून ते पाणी पाजत. ती टोकं खरी अश्मयुगातल्या माणसांची, बरं का.

गुराची लघवी लाल झाली, की झाडपाल्याचे काढे देत. काही जनावरं आपसूक बरी होत आणि श्रेय काढ्याला जाई. खरा चोर होता गोचीड. तो चावताना रक्तात बारीक परजीवी सोडतो आणि ते तांबड्या पेशी फोडतात. गोचिडामुळे असा रोग पसरतो हे १८९३ साली अमेरिकेत सिद्ध झालं. आपल्याकडे संकरित गाईंना हा रोग फार जाचतो. ताप आणि कॉफीसारखी लघवी दिसली, की त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

पण सगळंच थोतांड नव्हतं. उत्तर आयर्लंडात बो नावाचं गाव आहे. तिथले धर्मगुरू जेम्स मॅकगर १८१५ साली वारले. 'माझ्यावरची माती रोग बरे करील,' असं ते सांगून गेले म्हणतात. लोक तिथली चिमूटभर माती फडक्यात बांधून उशाखाली ठेवत आणि मग जागच्या जागी परत नेऊन टाकत. २०१८ साली वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू वेगळा काढला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे काही रोगजंतू त्याने प्रयोगशाळेत रोखले. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिनही १९४३ साली अशाच मातीतल्या जिवाणूपासून मिळालं होतं.

म्हणून उद्या बांधावरची माती जखमेवर थापू नका. धनुर्वाताचे जंतूही मातीतच राहतात.