हनुका, नाताळ आणि पडद्यावरचे लग्न



इतिहासाच्या व्याख्यानाला आजचा विषय काहीसा हलका आहे, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास तिला मी दोष देणार नाही. अमेरिकेत डिसेंबर महिन्यात दूरचित्रवाणीसाठी म्हणूनच काढलेल्या गोडगोड प्रेमकथा दाखवितात. त्यांत ज्यू लोकांचा हनुका हा सण केव्हा शिरला, कसा शिरला, आणि आत येताना त्याला उंबऱ्याबाहेर काय काढून ठेवावे लागले, एवढेच मला सांगावयाचे आहे. पण प्रश्न दिसतो तितका लहान नाही. मूठभरांचा समाज बहुसंख्यांच्या शेजारी सुखाने नांदू लागला म्हणजे त्याच्यापुढे जो पेच उभा राहतो, तो या चित्रपटांत जसाच्या तसा उमटलेला आहे.

प्रथम सण समजावून घेऊ. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवतेची पूजा सुरू करविली. सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. मॅकबी बंधूंनी बंड पुकारले आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर शुद्ध करून घेतले. एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळत राहिले ही कथा पुढे तालमूद ग्रंथात आली. तिच्या स्मरणार्थ आठ रात्री दिवे लावतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे चढत्या क्रमाने. ते पेटविण्यासाठी नववा एक सेवक-दिवा असतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा सण धाकटाच. वल्हांडण किंवा प्रायश्चित्तदिन यांच्या पंक्तीला तो बसत नाही आणि त्या दिवसांत कामधंदाही बंद नसतो. मात्र त्याचे मूळ ‘आम्ही तुमच्यासारखे होणार नाही’ या हट्टात आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

येथे आपल्या कोकणातल्या ज्यूंची आठवण होणे साहजिक आहे. ज्यांना कुलाबा जिल्ह्यात शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल समाजाने शनिवारची विश्रांती पाळली, सुंता पाळली, खाण्यापिण्याचे नियम पाळले. परंतु हनुका त्यांना ठाऊक नव्हता, असे त्यांच्या परंपरेतच सांगितले जाते. हाईम सॅम्युएल केहीमकर या त्यांच्या इतिहासकाराने यावरूनच असे प्रतिपादन केले की, तो सण सुरू होण्यापूर्वीच आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले असले पाहिजेत. हे अनुमान सर्व संशोधकांना मान्य नाही. तरी शतकानुशतके हनुकावाचून ज्यू राहता आले, एवढे कोकणाने दाखवून दिले.

अमेरिकेत नेमके उलट घडले. तेथे पुष्कळ कुटुंबांतून शब्बाथ गेला, खाण्याचे नियम गेले, हिब्रू भाषा तर गेलीच. आणि हनुका मात्र मोठा होत गेला. कारण उघड आहे. तो नाताळच्या आसपास येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिनसिनाटी येथील मॅक्स लिलिएंथाल आणि आयझॅक मायर वाइज या सुधारणावादी रब्बींनी सभास्थानांतून मुलांसाठी हनुकाचे समारंभ भरविण्यास उत्तेजन दिले. शेजारच्या घरातील सजविलेले झाड पाहून आपल्या पोराने हिरमुसले होऊ नये, ही त्यामागची कळकळ. भेटवस्तू आल्या, चॉकलेटची नाणी आली. सणाचा आकार शेजाऱ्याच्या सणावर बेतला गेला.

झाडाचा प्रश्न मुलांचा. त्याहून कठीण प्रश्न लग्नाचा. ज्यू धर्मशास्त्राला परधर्मीयाशी विवाह मान्य नाही, आणि थोड्या संख्येच्या समाजाला तर त्यात आपला अंत दिसतो. परंतु नाटककाराला याहून चांगले कथानक कोठे मिळावयाचे? १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ॲन निकोल्स या बाईंचे ‘ॲबीज आयरिश रोझ’ हे नाटक रंगभूमीवर आले. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी, आणि दोघांचे संतापलेले बाप. टीकाकारांनी नाटकाला झोडपले, आणि प्रेक्षकांनी त्याचे २,३२७ प्रयोग होऊ दिले! शेवटच्या अंकात हट्टी बाप नातवंडांच्या ओढीने त्या बिऱ्हाडी येतात. ती रात्र कोणती? तर नाताळची पूर्वसंध्या. पुढे शंभर वर्षे ज्या साच्यातून कथा निघावयाच्या, तो साचा येथे तयार झालेला आहे. तंटा धर्माचा, आणि समेट मात्र नाताळच्या झाडाखाली.

जे रंगभूमीवर होत होते ते बाहेरही होतच होते. आयर्विंग बर्लिन हा सभास्थानात स्तोत्रे गाणाऱ्या गरीब ज्यू गायकाचा मुलगा. १९२६ साली त्याने एलिन मके या धनाढ्य कॅथलिक घराण्यातील मुलीशी तिच्या वडिलांचा विरोध असताना नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्यांचा मुलगा १९२८ साली ऐन नाताळच्या दिवशी अगदी तान्हा असतानाच वारला. ज्याच्या घरी हा दिवस असा दुखरा झाला होता, त्याच बर्लिनने ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत रचले. १९४२ च्या ‘हॉलिडे इन’ चित्रपटात ते आले आणि अमेरिकेच्या नाताळचा जणू आवाजच होऊन बसले. त्याच्या दोनच वर्षे आधी अर्न्स्ट लुबिच या बर्लिन शहरातील ज्यू दिग्दर्शकाने ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ काढला होता. एकाच दुकानात काम करणारी दोघे एकमेकांचा दुःस्वास करतात आणि निनावी पत्रांतून एकमेकांवरच प्रेम करतात. उलगडा नाताळच्या आदल्या रात्री. मूळ नाटक मिक्लोश लास्लो या बुडापेस्टच्या ज्यू लेखकाचे. म्हणजे पाहा, नाताळची प्रेमकथा घडविण्यात ज्यू कारागिरांचा हात मोठा. त्या कथेत त्यांचा स्वतःचा सण मात्र कोठेच नाही. परक्याच्या लग्नात मांडव घालावा आणि जेवावयास आपल्या घरी जावे, तसा हा प्रकार.

दूरचित्रवाणीवर हा विषय उघडपणे आला तो १९७२ साली, ‘ब्रिजेट लव्हज बर्नी’ या विनोदी मालिकेत. पुन्हा तेच: बर्नी ज्यू, ब्रिजेट कॅथलिक. मालिका त्या हंगामात लोकप्रियतेत पाचव्या क्रमांकावर होती. तथापि सनातनी, मध्यममार्गी आणि सुधारणावादी, असे एरवी एका पंगतीला न बसणारे रब्बी तिच्या निषेधार्थ एकत्र आले, धमक्याही आल्या, आणि १९७३ मध्ये चोवीस भागांनंतर सीबीएस कंपनीने ती बंद केली. त्याच वर्षी सुधारणावादी रब्बींच्या मध्यवर्ती परिषदेने आपल्या सभासदांना मिश्रविवाह न लावण्याचे आवाहन केले. या मंडळींना विनोदाचे वावडे होते असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. युरोपातील साठ लाख ज्यूंच्या संहाराला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. उरलेल्यांनी आपण हसतखेळत नाहीसे होऊ की काय, असे विचारले, तर तो प्रश्न हास्यास्पद नव्हता.

त्यानंतरचा काळ मी भरभर ओलांडतो. २००९ साली हॉलमार्क या शुभेच्छापत्रे छापणाऱ्या कंपनीच्या नाट्यमालेत ‘लव्हिंग लिया’ हा दूरचित्रपट आला. निपुत्रिक विधवेने दिराशी लग्न करावे, अथवा दिराचा जोडा काढण्याचा विधी करून मोकळे व्हावे, या प्राचीन नियमावर तो उभा आहे. नावापुरते झालेले लग्न हळूहळू खरे होते. नियोगाची चर्चा वाचलेल्या आपल्यासारख्यांना त्यातील गुंता चटकन समजेल. दोघेही ज्यू, आणि कथेला गती देतो तो धर्मशास्त्राचा नियम. माझ्या मते या प्रकारातील हे सर्वांत सरस काम. पण त्याची वाट पुढे कोणी धरली नाही.

वाट धरली गेली ती नाताळची. २०१२ च्या ‘हिच्ड फॉर द हॉलिडेज’मध्ये कॅथलिक मुलगा आणि ज्यू मुलगी आपापल्या घरच्यांना फसविण्यासाठी एकमेकांचे खोटे प्रियकर-प्रेयसी होतात. २०१९ च्या ‘हॉलिडे डेट’मध्ये भाड्याने आणलेला प्रियकर ज्यू निघतो आणि त्याला झाड कसे सजवावे हेच उमजत नाही. त्याच वर्षीच्या ‘मिसलटो अँड मेनोराज’ या लाइफटाइम वाहिनीच्या चित्रपटात नायिका हनुका शिकते आणि नायक नाताळ. या चित्रपटांवर ज्यू टीकाकार उखडले. त्यांचे म्हणणे असे की, येथे ज्यू माणूस पाहुणा आहे. डिसेंबरातील साधी गोष्ट न कळणारा परका आहे. आणि शेवटी त्याने नाताळच्या गोडव्यापुढे विरघळावे अशीच अपेक्षा आहे. मॅकबींनी नकार दिला त्या गोष्टीला त्यांच्याच सणाच्या निमित्ताने होकार द्यावयाचा! हा आक्षेप मला बव्हंशी योग्य वाटतो.

तो थोडाफार ऐकलाही गेला. २०२० च्या ‘लव्ह, लाइट्स, हनुका!’मध्ये नाताळ साजरा करीत वाढलेल्या नायिकेला रक्तपरंपरेच्या तपासणीवरून आपण ज्यू असल्याचे कळते आणि ती जन्मदात्या आईच्या घरी जाते. पाहुणी येथेही आहे, पण आता ती दिव्यांच्या घरी आलेली आहे. २०२३ च्या ‘राउंड अँड राउंड’मध्ये नायिका हनुकाच्या सातव्या रात्रीतच अडकून तीच रात्र पुन्हा पुन्हा जगते. आणि २०२२ चा ‘हनुका ऑन राय’: न्यूयॉर्कमधील दोन प्रतिस्पर्धी ज्यू खानावळवाले, मध्ये एक लग्न जुळविणारी बाई, आणि निनावी पत्रे. श्रोत्यांना ओळख पटली असेल. लास्लोची कथा ऐंशी वर्षे नाताळच्या घरी राहून स्वगृही परतली. बटाट्याची तळलेली लाटके, भोवरा, आजीची हौस, हे सारे आता जागच्या जागी आहे. सण मालकाचा झाला. पण बर्फ, गैरसमज, शेवटच्या पाच मिनिटांतील चुंबन हा सांगाडा नाताळचाच राहिला. मॅकबी तर कोणी नावालाच काढतो.

आणि ज्या भीतीपोटी १९७३ साली मालिका बंद पडली, तिचे काय झाले? प्यू या संशोधनसंस्थेच्या २०२० च्या पाहणीत असे आढळले की, २०१० नंतर लग्न केलेल्या अमेरिकन ज्यूंपैकी शेकडा ६१ जणांचे जोडीदार ज्यू नाहीत. म्हणजे पडद्यावर दोन ज्यूंची जोडी जमू लागली, ती घरोघरी ती विरळ झाल्यावर. २०२४ च्या डिसेंबरात हॉलमार्क वाहिनीने दोन चित्रपट दाखविले. ‘हनुका ऑन द रॉक्स’ची नायिका शिकागोभर हनुकाच्या मेणबत्त्यांचा एक पुडा शोधत हिंडते. ‘लियाज परफेक्ट गिफ्ट’ची ज्यू नायिका मात्र आयुष्यात एकदा तरी खराखुरा नाताळ पाहावा म्हणून प्रियकराच्या घरी कनेक्टिकटला जाते आणि तेथे त्याच्या शिस्तप्रिय आईपुढे अवघडून बसते. त्या वर्षी हनुकाची पहिली रात्र नेमकी २५ डिसेंबरला आली. असा योग त्यापूर्वी २००५ साली आला होता.