उचलण्याची उठाठेव

‘लिफ्ट’ हा इंग्रजी शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों : उंच इमारतींतला पाळणा, आणि वाटेंत कोणाच्या गाडींत फुकट मिळालेली जागा. मूळचें तें उचलणें या अर्थाचें साधें क्रियापद. आणि तें अस्सल इंग्रजही नव्हे. नवव्या-दहाव्या शतकांत समुद्रमार्गानें आलेले नॉर्स लोक इंग्लंडांत स्थायिक झाले. त्यांच्या ‘लिप्ता’ या शब्दापासून तें आलें. या ‘लिप्ता’च्या मुळाशीं ‘लोप्त’ म्हणजे हवा, आकाश. जर्मन लोक हवेला आजही ‘लुफ्ट’च म्हणतात. उचलणें म्हणजे हवेंत नेणें, अशी ती कल्पना.

आपलें ‘उचलणें’ निराळ्या वाटेनें आलें. संस्कृत ‘उत्’ आणि ‘चल्’ मिळून ‘उच्चल्’, म्हणजे जागचें हलणें, निघून जाणें. त्यांची दृष्टि आभाळाकडे, आमची सुटलेल्या जागेकडे. मला आमचीच अधिक खरी वाटते. पण हा स्वभाषेचा अभिमानही असेल!

या निरुपद्रवी क्रियापदाला दोन्ही भाषांत चोरीचा अर्थ चिकटला, हें मात्र नवल. रॉबर्ट ग्रीन या लेखकानें लंडनच्या ठकांविषयीं १५९१-९२ सालीं पुस्तिका लिहिल्या. त्यांत दुकानांतला माल लांबविणाराला ‘लिफ्ट’ हेंच नांव आहे. मराठींत त्याला ‘उचल्या’ म्हणतात. वास्तविक या क्रियापदाची आमच्याकडील प्रतिष्ठा लहान नव्हती. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ मोडणें म्हणजे देवाशीं बेइमानी. भर दरबारांत विडा उचलला कीं माघार नाहीं. विजापुरास अफझलखानानें तो उचलल्याची कथा पोवाड्यांनीं घरोघर पोंचविली आहे. कामाआधीं घेतलेल्या मजुरीला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फेडतां फेडतां मजुराचा जन्म जातो. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ ही म्हण तर माझ्यासारख्या भाषण करणारांसाठींच असावी.

उचलणें हाच गुन्हा, असा प्रसंग आपल्या नागपुरांतही घडला. १ मे १९२३ रोजीं येथें झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचें निशाण उंच धरून सिव्हिल लाइन्सकडे चालत जावयाचें, एवढेंच स्वयंसेवकांचें काम. कोणाची वस्तु घेतली नव्हती, कोणावर हात उचलला नव्हता. तरी तुकडीमागून तुकडी पकडली गेली आणि अटकेंतल्यांची संख्या हजारावर गेली. जूनमध्यें जमनालाल बजाज तुरुंगांत गेल्यावर वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं. १८ ऑगस्ट रोजीं निशाणासह मिरवणूक त्या मनाई असलेल्या भागांतून गेली, आणि लढा थांबला.

या स्वयंसेवकांनीं तो गुन्हा समजून-उमजून पत्करला होता. तो त्यांनीं उचललेला विडाच होता. ज्यांना निवड करावयास मिळालीच नाहीं, त्यांची कथा निराळी. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रारंभीं तो उत्तरेकडील कांहीं प्रांतांपुरता होता. १९११ सालच्या नव्या कायद्यानें त्याची कक्षा वाढली. माणसानें काय केलें हें न पाहतां तो कोणत्या जमातींत जन्मला हें पाहावयाचें. मग नोंद, हजेरी आणि परवान्यावांचून गांव न सोडण्याची अट. महाराष्ट्रांत ज्या समाजाला लोक ‘उचले’ म्हणत, त्याच्यावरही गुन्हेगारीचा शिक्का बसला. क्रियापद जमातीचें नांव झालें. तान्हें मूल हातानें कांहीं उचलण्यापूर्वींच ‘उचल्या’ ठरूं लागलें. शब्दांचे अर्थ बदलतात हें आम्हां कोशवाचकांना कौतुकाचें वाटतें. परंतु येथें त्या बदलाची किंमत कोणीतरी पिढ्यान् पिढ्या मोजीत होतें.

तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पोलिसांचा संशय आणि गांवकऱ्यांच्या तोंडचा तो शब्द मात्र मागें राहिला. या समाजांत, लातूरकडील धनेगांव येथें जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें, आणि त्याला निराळें नांव न शोधतां मुखपृष्ठावर तोच शब्द छापला : ‘उचल्या’. पुढल्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.