चुकलेल्या भाकितांचा इतिहास

इतिहासलेखनाला निकालाची ओढ असते. कोण जिंकले, गादीवर कोण बसले, कोणाचा ग्रंथ टिकला, एवढे कळले की इतिहासाचे निम्मे काम झाले असे आपण मानतो. निकाल लागण्यापूर्वी लोकांना काय वाटत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि ते वाटणे पुढे खोटे ठरले असेल, तर ते जपून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. प्रस्तुत लेख अशा टाकून दिलेल्या भाकितांविषयी आहे. त्यासाठी निवडलेले क्षेत्र साहित्याच्या अभ्यासकांना काहीसे परके वाटेल. ते क्षेत्र म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, अर्थात मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युडो, जिउ-जित्सू अशा अनेक विद्या एकाच रिंगणात आणणारी मिश्र युद्धकला. या खेळाचा इतिहास अलीकडचा आहे, त्यातील लढतींच्या तारखा नोंदलेल्या आहेत, आणि लढतीपूर्वी लोकांनी काय मानले होते याची साक्षही पुष्कळ प्रमाणात उपलब्ध आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, निकाल आपल्याला जिंकणाऱ्याविषयी सांगतो. चुकलेले भाकीत मात्र त्या काळाविषयी सांगते.

प्रारंभ रिओ द जानेरोपासून करू. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी तेथील माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्युडोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुरा वजनाने बराच भारी होता. एलिओ तीन मिनिटांहून अधिक टिकला तर त्यालाच विजयी समजावे, असे किमुरा लढतीपूर्वी म्हणाल्याचे सांगितले जाते. एलिओ दुसऱ्या फेरीपर्यंत टिकला. तेथे किमुराने त्याचा हात मागे पिरगाळून असा अडकवला की हाड मोडले. तरीही त्याने शरणागतीची खूण केली नाही, आणि अखेर त्याचा थोरला भाऊ कार्लोस याने लढत थांबवली. निकालाच्या वहीत ही एलिओची निर्विवाद हार आहे. परंतु ग्रेसी घराण्याच्या स्मृतीत ती अभिमानाची गोष्ट म्हणून राहिली, आणि त्या घराण्याच्या विद्येत तो डाव आजही 'किमुरा' याच नावाने शिकवला जातो. पराभवाला हे तेज आले ते तीन मिनिटांच्या भाकितामुळे. ते भाकीत गाळून केवळ निकाल नोंदवला, तर या लढतीचा अर्थच हरवतो.

त्या काळात अशा लढतींविषयीचे भाकीत व्यक्तीपेक्षा विद्येविषयी असे. मुष्टियोद्धा श्रेष्ठ की ज्युडोपटू, हा प्रश्न गप्पांच्या अड्ड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला होता. १९६३ मध्ये अमेरिकेत जिम बेक नावाच्या लेखकाने एका मासिकातून ज्युडोपटूंची हेटाळणी केली आणि मुष्टियोद्ध्याला हरवून दाखवणाऱ्यास एक हजार डॉलर्स देऊ केले. हे आव्हान जीन लेबेल या ज्युडोपटूने स्वीकारले. २ डिसेंबर १९६३ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे त्याने मायलो सॅव्हेज या मुष्टियोद्ध्याला चौथ्या फेरीत गळ्याचा फास लावून बेशुद्ध केले. बेकच्या पैजेत एका संपूर्ण संस्कृतीचा आत्मविश्वास बोलत होता. मर्दानगी मुठीत असते आणि जमिनीवर लोळणे हे कमीपणाचे, ही तिची श्रद्धा होती. सॅव्हेज हरला म्हणून ही श्रद्धा लोपली नाही. पण ती किती दृढ होती हे आज आपल्याला कळते ते त्या हजार डॉलर्समुळे.

२६ जून १९७६ रोजी टोकियोत मुहम्मद अली आणि आंतोनिओ इनोकी समोरासमोर आले, तेव्हा तर भाकितांना ऊत आला होता. अलीचा ठोसा आधी की इनोकीची पकड आधी, एवढाच विकल्प लोकांच्या मनात होता. प्रत्यक्षात इनोकी बहुतांश वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अलीला मोजकेच ठोसे मारता आले, आणि पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली. प्रेक्षक संतापले. दोन्ही बाजूंची भाकिते एकाच वेळी चुकण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता, कारण दोन्हींनी एक गोष्ट गृहीत धरली होती: दोघेही लढतील. आपल्या विद्येच्या बाहेर पाऊल टाकायचेच नाही, असे दोघांनी ठरवले तर काय, हा प्रश्न कोणाच्या हिशेबातच नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात हाच इनोकी कराचीत थोरल्या गामा पहिलवानाचा पुतण्या अक्रम याच्याशी लढला आणि हात पिरगाळून त्याने अक्रमला निकामी केले. गामाच्या घराण्याची कीर्ती उपखंडात दंतकथेसारखी पसरलेली होती. नावाच्या वजनावर बांधलेला अंदाज किती नाजूक असतो, हे त्या दिवशी दिसले.

या साऱ्या सुट्या लढतींना खेळाचे रूप आले ते १२ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेतील डेन्व्हर येथे. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसीच्या त्या पहिल्या स्पर्धेत आठ जण उतरले. वजनी गट नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे वर्ज्य होते. पहिल्याच लढतीत चारशे पौंडांहून अधिक वजनाचा सुमो मल्ल टेला टुली हा डच योद्धा जेरार्ड गॉर्दो याच्यापुढे अर्ध्या मिनिटाच्या आत बाद झाला. स्पर्धा जिंकली ती एलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी याने. सुमारे ८० किलोंच्या या सडपातळ तरुणाने मुष्टियोद्धा आर्ट जिमर्सन, कुस्तीचा जाणकार केन शॅमरॉक आणि अखेर गॉर्दो अशा तिघांना एकाच रात्री शरण आणले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. घराण्यातला सर्वांत तयारीचा लढवय्या म्हणून रॉयसचा भाऊ रिक्सन याचे नाव घेतले जाई. तो पिळदार अंगाचा होता. तरी स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक असलेला थोरला भाऊ रोरिऑन याने निवडले रॉयसला. रॉयसच्या किरकोळ देहाकडे पाहून प्रेक्षक चुकीचा अंदाज बांधतील, आणि तो अंदाज मोडला की विद्येचे श्रेय देहाला जाणार नाही, असा तो विचार होता. प्रेक्षकाची अपेक्षा ओळखून तिच्याविरुद्ध कथानक रचणे, हे नाटककाराचे कसब आहे. डेन्व्हरच्या त्या रात्रीचा खरा नायक, एका अर्थाने, प्रेक्षकांचे चुकलेले भाकीतच होते.

परंतु मोडलेला पूर्वग्रह रिकामी जागा सोडून जात नाही. तेथे नवा पूर्वग्रह बसतो. 'जो जमिनीवर नेईल तो जिंकेल' हा १९९३ चा धडा लवकरच सूत्र बनला. १९९७ मध्ये मार्क कोलमन हा अपराजित कुस्तीगीर यूएफसीचा हेवीवेट विजेता होता, आणि किकबॉक्सिंग करणारा मॉरिस स्मिथ त्याच्यापुढे टिकेल असे फार थोड्यांना वाटत होते. २७ जुलै १९९७ रोजी स्मिथ खाली पडला, तळातून बचाव करत राहिला, कोलमनचा दम संपण्याची वाट पाहत राहिला, आणि पंचांच्या कौलाने जिंकला. चार वर्षांपूर्वीचे ज्ञान चार वर्षांनी अज्ञान ठरले. एव्हाना सगळेच सगळ्यांची विद्या शिकू लागले होते, आणि 'कोणती विद्या श्रेष्ठ' हा प्रश्न हळूहळू निरर्थक होत गेला.

२००० मध्ये न्यू जर्सी राज्यात या खेळाचे एकत्रित नियम लागू झाले. वजनी गट आले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या, गुण देणारे तीन पंच आले. मातीतल्या कुस्तीच्या शौकिनांना निकाली कुस्ती आणि गुणांवर सुटलेली कुस्ती यांतले अंतर सांगायला नको. आता भाकीत दोन योद्ध्यांपुरते उरले नाही. पंचांची नजर काय पाहील, याचेही भाकीत करावे लागू लागले. दुसरीकडे सट्ट्याच्या भावांनी भाकिताला आकड्याचे रूप दिले. अमुक जिंकेल असे म्हणण्याऐवजी त्याची शक्यता दहांत आठ आहे असे म्हणणे, हा वरवर किरकोळ वाटणारा बदल विचाराच्या इतिहासात मोठा आहे. कारण त्यात आपण चुकू शकतो, आणि साधारण किती वेळा चुकू, याची कबुली आधीच दिलेली असते.

आकडे आले तरी कोडे सुटले नाही. ७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टन येथे मॅट सेरा याने तत्कालीन विजेता जॉर्ज सँ-पिएर याला पहिल्याच फेरीत हरवले. सेरा या लढतीपर्यंत पोहोचला होता तो एक दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकून, आणि त्याला कोणी गंभीरपणे घेतले नव्हते. सँ-पिएरने विजेतेपद मिळवले होते मॅट ह्यूजला हरवून. आणि पुढे २००९ मध्ये ह्यूजने सेराला हरवले. म्हणजे ह्यूज सेरावर, सेरा सँ-पिएरवर, आणि सँ-पिएर ह्यूजवर भारी. अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हा क पेक्षा मोठा, तर अ हा क पेक्षा मोठा, हा शाळेत शिकलेला न्याय येथे चालत नाही. शिवाय योद्धा वर्षाला जेमतेम दोन-तीन वेळा लढतो. बुद्धिबळपटूच्या शेकडो डावांवरून जसे गुणांकन करता येते, तशी सामग्री येथे जमतच नाही. भाकीत येथे अवघड आहे ते या रचनेमुळे. जाणकारांच्या आळसाला दोष देऊन भागणार नाही.

आणि तरीही, निकालानंतर सारे सोपे वाटू लागते. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी मेलबर्न येथे छप्पन हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर रोंडा राऊझी हिला हॉली होम हिने दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून बेशुद्ध पाडले. राऊझी ही बीजिंग ऑलिंपिकमधील ज्युडोची कांस्यपदक विजेती, तोवर अपराजित, आधीच्या तीन लढती तिने मिळून ६४ सेकंदांत संपवलेल्या. ती हरेल असे म्हणणारे विरळा. गंमत अशी की लढतीच्या काही आठवडे आधी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात खुद्द राऊझीनेच होमचा बेत वर्णिला होता: ती दूर राहील, मला चिडवेल आणि डोक्यावर लाथ मारू पाहील, पण तसे घडणार नाही. म्हणजे भविष्य तिला दिसले होते. तिने नाकारली ती त्याची शक्यता.

दुसऱ्या दिवसापासून मात्र भाषा बदलली. तिचे मुष्टियुद्ध कच्चेच होते, तिच्याभोवती उगाच वलय निर्माण झाले होते, हे होणारच होते, असे सांगणारे सर्वत्र दिसू लागले. काल जी अजिंक्य होती ती आज कधीच तेवढी चांगली नव्हती. या मनोव्यापाराचा एक प्रसिद्ध प्रयोग बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन त्याने वाचकांना दिले आणि वेगवेगळ्या गटांना त्याचे वेगवेगळे शेवट खरे म्हणून सांगितले. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय होता असे वाटले. वर्णन एकच; शेवट बदलला की त्यातल्या खुणा बदलल्या. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. शेवट माहीत असताना केलेले दुसरे वाचन पहिल्या वाचनाला पुसून टाकते, हा अनुभव प्रत्येक कादंबरी आपल्याला देते.

ॲरिस्टॉटलने इतिहास आणि काव्य यांत फरक केला तो असा की इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल असे सांगते. या विभागणीत भाकीत कोठे बसेल? लढतीच्या आदल्या रात्री ते काव्याच्या बाजूला असते. तेथे अनेक शेवट एकत्र नांदतात. घंटा वाजून निकाल लागला की ते इतिहासाच्या हद्दीत ओढले जाते, आणि तेथे एकाच शेवटाला राहण्याची परवानगी असते. उरलेल्या शेवटांचे काय होते? ते खरोखर संभवनीय होते ही गोष्टच विसरली जाते. सेरा आणि सँ-पिएर एप्रिल २००८ मध्ये मॉन्ट्रियलला पुन्हा लढले आणि सँ-पिएर सहज जिंकला. यापैकी कोणती लढत 'खरी' आणि कोणती 'अपघात', असे विचारणे व्यर्थ आहे. दहांत एकदा घडणारी गोष्ट घडली, म्हणून दहांत नऊ म्हणणारा मूर्ख ठरत नाही. आणि दहांत एकदाचे ते यश ज्याने मिळवले, तो लबाडही ठरत नाही.

वर्गात वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपणही नकळत मेलबर्नच्या दुसऱ्या दिवशीचे भाष्यकार होतो. अमुक प्रवाह येणारच होता, तमुक कवी मागे पडणारच होता, असे सांगताना टिकलेल्याला आपण अपरिहार्य ठरवतो आणि विसरलेल्याला मुळातच दुबळा. त्या काळच्या परीक्षणांत कोणाविषयी कोणती आशा बाळगली गेली होती, कोणते नियतकालिक कोणावर पैज लावून बसले होते, हे वाचले तर चित्र निराळे दिसते. बेकचे हजार डॉलर्स, किमुराची तीन मिनिटे, राऊझीचे ते नाकारलेले भविष्य: ही इतिहासाची कच्ची साधने आहेत, आणि ती चुकलेली आहेत म्हणूनच मोलाची आहेत. बरोबर आलेले भाकीत निकालात विरघळून जाते. चुकलेले तेवढे वेगळे उरते आणि सांगते की त्या संध्याकाळी अजून काहीही ठरलेले नव्हते.