'बाहेर' म्हणजे कुठे?

लहानपणी अम्मी केराची टोपली हातात देऊन म्हणायची, "बाहेर टाकून ये." हे 'बाहेर' म्हणजे कुठे, असं मी तिला कधी विचारलं नाही.

मुंबईनंही विचारलं नाही. १८९६ मध्ये प्लेग आला आणि शहराला स्वतःच्याच घाणीची धास्ती बसली. चेंबूर-देवनारकडची खाजण जमीन तेव्हा शहराबाहेर होती. कचरा रेल्वेनं तिकडे जाऊ लागला. १९२७ पासून देवनार मुंबईचं डम्पिंग ग्राउंड झालं.

पण शहर वाढत गेलं. इतर भागांतून उठवलेल्या गोरगरिबांनाही त्याच बाजूला नेऊन वसवलं. कालचं 'बाहेर' आज कुणाचं तरी अंगण झालं. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटला, तेव्हा धूर आधी त्यांच्या घरांत शिरला.

ओला-सुका कचरा वेगळा करा, कुजणारा कचरा भरावात टाकू नका, हे २००० सालच्या केंद्राच्या नियमांतच होतं. ते वेळीच पाळलं असतं, तर डोंगर एवढा वाढला नसता.

मंडळी, पालिका डम्पिंगसाठी नवी जागा शोधते, तेव्हा तिथे शेजारी कोण राहतं, हे आपण आधी विचारायला हवं. आता टोपली उचलताना मला अम्मीचा तो शब्द आठवतो.