दोघांची मैत्री, तिसऱ्याचा घात

नेपाळात सरकार बदललं किंवा मालदीवात निवडणूक झाली की आमच्या कट्ट्यावर एकच प्रश्न येतो, "आता हा आपल्याकडे की चीनकडे?" परवा पुन्हा तोच विषय निघाला आणि मला १९०७ सालचा इराण आठवला.

तेव्हाचा इराण दोन बड्यांच्या कात्रीत होता. उत्तरेला रशिया. दक्षिणेला, आखातात, ब्रिटन. त्याला हिंदुस्थानची वाट राखायची होती. एकाने बँक काढली की दुसराही काढायचा. एकाची रेल्वे दुसऱ्याला नको, म्हणून देशात धड रेल्वेच झाली नाही. पण या चढाओढीतच इराण तगून होता. एक अंगावर आला की दुसऱ्याकडे धाव घ्यायची.

१९०६ च्या उन्हाळ्यात हेच झालं. शहाच्या मनमानीला कंटाळून दहा हजारांवर लोकांनी तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात ठाण मांडलं. तंबू ठोकले, मोठमोठी पातेली चढवली. शहाला नमावं लागलं. इराणला संसद मिळाली, मजलिस. लोकांना वाटलं, इंग्रज आपल्या बाजूचे आहेत.

वर्षभरातच, ३१ ऑगस्ट १९०७ ला, त्याच इंग्रजांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाशी करार केला. तेहरान, तब्रीझ, इस्फहानसह उत्तर भाग रशियाच्या प्रभावाखाली, हिंदुस्थानला लागून असलेला आग्नेय भाग ब्रिटनच्या, आणि मधला पट्टा दोघांना मोकळा. गंमत म्हणजे करारात सुरुवातीलाच इराणच्या स्वातंत्र्याचा आदर राखण्याची ग्वाही आहे! इराणला मात्र कुणी विचारलंच नाही.

का केलं असं? ब्रिटनला आता जर्मनीची धास्ती होती, आणि जपानकडून मार खाल्लेल्या रशियाला उसंत हवी होती. इराणचा दोष काहीच नव्हता.

पुढे जून १९०८ मध्ये रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कोसॅक ब्रिगेडने मजलिसवर तोफा डागल्या. लोक लढले, मजलिस परत आणली. १९११ मध्ये खजिन्याची घडी बसवायला मॉर्गन शुस्टर या अमेरिकन माणसाला नेमलं. रशियाने दम भरला, त्याला काढा, आणि यापुढे आम्हा दोघांच्या संमतीशिवाय परदेशी माणूस नेमू नका. मजलिसने नकार दिला. डिसेंबरात मजलिसच बरखास्त झाली आणि शुस्टरला जावं लागलं. इराणी मदतीला कुणाकडे जाणार? ब्रिटन तर रशियाच्या बाजूला!

आपण म्हणतो, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. इराणने त्याची दुसरी बाजू भोगली.

म्हणून नेपाळ किंवा श्रीलंका दोन्हीकडे हात राखून असतात, तेव्हा मला त्यात लगेच गद्दारी दिसत नाही. दोन दारं उघडी ठेवणं ही लहान देशाची जगायची रीत आहे. आपणही कधीकाळी दुसऱ्यांच्या नकाशावरचा रंगवलेला तुकडा होतो. शेजाऱ्याला "आपल्याकडे की त्यांच्याकडे" असं मोजताना एवढं तरी आठवायला हवं. तुम्हाला काय वाटतं?